आधी खर्ज ऐकू येतो का ते बघा

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: मी रोज लोकलने डोंबिवली ते सीएसएमटी जाते-येते. मुलाने कार्ड घालायचा छोटा म्युझिक प्लेअर घेऊन दिला आणि वडिलांच्या जुन्या कॅसेट त्यात भरून दिल्या. सोबत आलेल्या इअरफोनवर तबला पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा वाटतो, डग्गा तर नाहीच. म्हणून भाच्याचा महागातला हेडफोन लावून पाहिला, बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओहमचा. आवाज गोड, पण फार बारीक. गाडीत तर काहीच कळत नाही. दुकानदार म्हणतो, सोबत ॲम्प्लिफायर घ्या. घेऊ का? की दुसरा हेडफोन घेऊ? चार-पाच हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. मी स्वतः थोडं गाते.

ताई, ॲम्प्लिफायर घेऊ नका. पंचवीस वर्षं मी गाण्याचं रेकॉर्डिंग करतो आणि हेडफोन दुरुस्तही करतो. तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेल्या दहातल्या आठ जणांना मी हेच सांगून परत पाठवलं आहे. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी आहेत. एकाचं कारण कानाच्या भोकाशी आहे आणि दुसऱ्याचं लोकलच्या डब्यात. ॲम्प्लिफायर यांतल्या एकालाही लागू पडत नाही.

भाच्याच्या हेडफोनचं आधी सांगतो, कारण तिथे साधा हिशोब आहे. डीटी ९९० प्रोला एक मिलिवॉट दिला की ९६ डेसिबल आवाज मिळतो, आणि २५० ओहममध्ये (ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) एक मिलिवॉट ढकलायला अर्धा व्होल्ट लागतो. छोटे प्लेअर साधारण अर्धा ते एक व्होल्ट देतात. तुमचा अर्धाच देत असेल, तर आवाज पूर्ण वाढवल्यावर तबल्याची जोरकस थाप ९६ पर्यंत जाईल. पण विलंबित ख्यालातला आलाप थापेच्या कितीतरी खाली असतो, वीस-पंचवीस डेसिबल तरी धरा. म्हणजे गाणं सत्तर-पंचाहत्तरवर आलं. रात्री घरी, खिडक्या लावून हे पुरतं. आता याच प्लेअरला १६ ओहमचा, एक मिलिवॉटला १०५ डेसिबल देणारा कानात घालायचा इअरफोन लावा. तोच अर्धा व्होल्ट आता पंधरा मिलिवॉटच्या वर देतो आणि शिखर ११७ डेसिबलवर जातं. एवढा आवाज कुणी ऐकूच नये, पण सांगायचा मुद्दा असा की ताकद प्लेअरमध्ये आहे. जोडी चुकली आहे.

खोक्यावर म्हणूनच दोन आकडे एकत्र वाचायचे, ओहम आणि डेसिबल. नुसता ओहम बघून 'हा जड, तो हलका' असं ठरवणारे फसतात. डेसिबलच्या पुढे 'प्रति मिलिवॉट' लिहिलंय की 'प्रति व्होल्ट' हेही बघा. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये या दोन मापांत पंधरा डेसिबलचा फरक पडतो, आणि मोठा दिसणारा आकडा छापायचा मोह कंपन्यांना होतोच. खिशातल्या प्लेअरसाठी १६ ते ६४ ओहम आणि मिलिवॉटला ९८ डेसिबलच्या वर, एवढं लक्षात ठेवलंत तर चुकणार नाही.

पण समजा तुम्ही ॲम्प्लिफायर घेतलात आणि भाच्याचा हेडफोन दणदणीत वाजायला लागला. गाडीत काय होईल? तो उघड्या पाठीचा आहे. त्याच्या कपाला मागून जाळी आहे, म्हणून तर घरी तो इतका मोकळा वाजतो. त्याच जाळीतून चाकांचा खडखडाट, पंख्यांची घरघर आणि शेजारणीचा फोन, सगळं आत येणार. मग तुम्ही आवाज वाढवणार. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर आजूबाजूचा गोंगाट ८५ डेसिबलच्या घरात आहे, हा कारखान्यांतल्या तपासणीतला जुना ठोकताळा आहे. लेडीज डब्यात गर्दीच्या वेळी तुम्ही मैत्रिणीशी कशा बोलता ते आठवा. त्या गोंगाटावर आलाप नेऊन ठेवायचा तर तो नव्वदवर न्यावा लागेल, आणि मग त्यावरची थाप कानात किती जोरात पडेल याचा विचार करा.

हे मी जीव तोडून सांगतो, कारण माझ्या डाव्या कानात गेली अकरा वर्षं बारीक शिट्टी वाजते. रात्री सगळं शांत झालं की ती स्पष्ट ऐकू येते. तरुणपणी मोठ्या आवाजात तासन् तास हेडफोन लावून मिक्सिंग केलं, त्याचं ते देणं. औषधाने ती गेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्या माणसांसाठीचा हिशोब असा: आठवड्याला ४० तास ऐकायचं तर सरासरी ८० डेसिबल, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त पाच. तुमचं जाणं-येणं मिळून दिवसाला अडीच तास धरले, सहा दिवस धरले, तर पंधरा तास होतात. तुम्हाला ८३ च्या आसपास राहायचं आहे. ८५ च्या गोंगाटात ८३ वर गाणं ऐकायचं असेल तर एकच वाट उरते: गोंगाट कानात येऊच द्यायचा नाही.

म्हणून तुम्हाला हवा आहे कान बंद करणारा, आत बसणारा, रबरी टिपांचा (टिप म्हणजे टोकावरची मऊ टोपी) वायरवाला इअरफोन. नीट बसला तर मधल्या आणि वरच्या पट्टीतला गोंगाट तो वीस-पंचवीस डेसिबल सहज अडवतो. त्याला बॅटरी लागत नाही, चार्जिंग लागत नाही.

'नीट बसला तर' हे मी उगाच म्हणत नाही. तुमचं पहिलं दुखणं, डब्यासारखा तबला, तिथलंच आहे. सोबत आलेला इअरफोन बहुतेक वाईट नाही, तो बसलेला नाही. कानाची नळी आणि टिप यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी खालचे स्वर तिथून निसटतात. वरचे स्वर राहतात, म्हणून चाटेची, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या बोलाची, किनार ऐकू येते आणि डग्ग्याचा घुमारा जातो. महागडा इअरफोनसुद्धा ढिला बसला की असाच वाजतो. माझ्याकडे लोक 'बेस गेला' म्हणून इअरफोन घेऊन येतात, मी एक नंबर मोठी टिप लावून देतो आणि त्यांचे डोळे मोठे होतात. त्याचे मी पैसे घेत नाही.

तुम्ही गाता, म्हणून तुम्हाला यंत्राशिवाय एक परीक्षा करता येईल. प्लेअर बंद ठेवा. दोन्ही कानांत इअरफोन घाला, ओठ मिटा आणि खालच्या षड्जावर हुंकार लावा. स्वर डोक्यात मडक्यात बोलल्यासारखा घुमला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना सारखा. एका बाजूला घुमतो आणि दुसरीकडे नेहमीसारखाच वाटतो, तर त्या बाजूला फट आहे. टिप बदला. डावा आणि उजवा कान एकाच मापाचे असतात असं नाही. माझ्या उजव्याला मधली टिप लागते आणि डाव्याला मोठी. घालताना डोक्यामागून दुसरा हात नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, नळी सरळ होते, इअरफोन थोडा फिरवत आत सोडायचा आणि मग पाळी सोडायची. दाबून कोंबायचा नाही. रबरी टिप कुठल्याच मापात बसत नसेल तर फोमची घ्या. बोटांत दाबून बारीक करायची, कानात घालायची आणि वीस-तीस सेकंद बोट धरून ठेवायचं म्हणजे ती आत फुगते. फोम काही महिन्यांत मऊपणा सोडतो, तो बदलावा लागतो.

मग तानपुरा लावा, दुसरं काही नाही. पुरुष गायकाचा, काळी एकला मिळवलेला. त्याच्या खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या, तारेचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. गंमत अशी की फट असली तरी तुम्हाला खर्ज 'ऐकू' येईल, कारण वरचे सहायक नाद जागेवर असले की मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. म्हणून तार ऐकू येते का हे विचारू नका, तिचं वजन जाणवतं का ते बघा. चार तारांचं आवर्तन पूर्ण होताना खर्ज खाली बसला पाहिजे आणि त्याच्यावर जवारीची (तार घोडीला घासून येते ती) बारीक झणझण मोकळी उभी राहिली पाहिजे. खर्ज फुगून जवारी झाकत असेल तर तो इअरफोन बेस वाढवून बनवलेला आहे, हल्ली बरेच तसेच असतात. जवारी टोचत असेल तर वरची पट्टी चढवलेली आहे. तिसरी तपासणी डग्ग्याच्या घिश्श्याची: मनगट सरकतं तसा स्वर वळत वर जातो, ते वळण सलग ऐकू यायला हवं, मध्ये खड्डा पडता कामा नये. दुकानात जाताना ही एक फाइल प्लेअरमध्ये घेऊन जा. तुमच्या कानांना तानपुरा आयुष्यभराचा ओळखीचा आहे, दुकानातल्या ठेक्याच्या गाण्यांवर तुमची परीक्षा होणार नाही.

चार-पाच हजारांतले सगळे पैसे इअरफोनवर घालवू नका. निम्म्यात उत्तम मिळतो, उरलेल्यात दोन-तीन प्रकारच्या टिपा आणि एक जादा वायर. एकाच ड्रायव्हरचा (ड्रायव्हर म्हणजे आतला आवाज काढणारा भाग), ज्याला दुकानदार 'डायनॅमिक' म्हणतो, तोच मागा. आत चार-सहा बारीक ड्रायव्हर असलेले इअरफोन सध्या खूप दाखवतात. त्यांचा ओहम प्रत्येक स्वराला वेगळा असतो, कुठे ८, कुठे ४०. प्लेअरच्या आत स्वतःचा दहा ओहमचा अडथळा असेल तर ८ ओहमच्या जागी सात डेसिबल जातात आणि ४० च्या जागी दोन. म्हणजे पट्टीच्या दोन भागांत पाच डेसिबलचा फरक पडतो आणि गाण्याचा रंगच बदलतो. चांगल्या प्लेअरमध्ये हा अडथळा एक-दोन ओहमचा असतो, पण स्वस्तातल्यावर तो छापलेलाही नसतो. एका ड्रायव्हरच्या इअरफोनला याचा फारसा त्रास नाही.

वडिलांचा जुना वॉकमन जपून ठेवला असेल तर त्यावर मात्र १६ ओहमचा इअरफोन पातळ वाजू शकतो. जुन्या बॅटरीवाल्या प्लेअरमध्ये हेडफोनच्या वाटेवर बहुधा एक कपॅसिटर असे. तो २२० मायक्रोफॅरडचा असला तर १६ ओहमला ४५ हर्ट्झच्या खालचं उतरायला लागतं, ३२ ओहमला २३ च्या. तिथे ३२ किंवा ६० ओहमचा हलका फोमचा हेडफोन शोभतो. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला दोघांनी मिळून ऐकायला हेडफोनचे दोन जॅक होते, आणि एक नारिंगी बटण होतं, ते दाबलं की गाणं खाली जाऊन समोरच्याचं बोलणं माइकमधून कानात येई. मला ती कल्पना अजून आवडते.

त्याच्यावरून आठवलं. स्टेशनात आणि रूळ ओलांडायच्या पुलाकडे जाताना एक तरी कान मोकळा ठेवा. घोषणा ऐकू यायला हवी, आणि मागून येणारी गर्दीसुद्धा. कान बंद करणाऱ्या इअरफोनचं हे एक खरं वजावटीचं कलम आहे, ते मी लपवणार नाही. गाडीत बसल्यावर घाला, परतताना कोपर आलं की काढा.

बॅटरीवाला गोंगाट-मारक हेडफोन का नको, असं तुमचा मुलगा विचारेल. घेतला तरी चालेल, पण त्याची हुशारी खालच्या, एकसुरी घरघरीवर चालते: विमान, एसी, बसचं इंजिन. माणसांची बोलणी आणि रुळांचे सांधे त्याला तेवढे जमत नाहीत, तिथे कान बंद करणारी टिपच काम करते. शिवाय तुमच्या प्लेअरला ब्लूटूथ आहे की नाही तेही बघावं लागेल. कॅसेटवरून भरलेल्या गाण्याला ब्लूटूथने काही बिघडत नाही, कॅसेटमध्ये जेवढं आहे तेवढं त्यातून सुखरूप जातं. फाइल फ्लॅक आहे की २५६ केबीपीएसची एमपी३, यावरही झोप घालवू नका.

कॅसेटची खरखर आता जास्त ऐकू येईल, दचकू नका. ती कुणाची आहे ते ओळखायची खूण सोपी आहे. गाणं थांबवा. खरखर थांबली तर ती टेपची, वडिलांच्या कॅसेटसोबत आलेली, तिला राहू द्या. गाणं थांबल्यावरही सळसळ राहिली तर ती प्लेअरची. तेव्हा इअरफोन गरजेपेक्षा जास्त संवेदनशील आहे, थोडा कमी डेसिबलचा घ्या. आणि मुलाला सांगा, टेपची खरखर काढायच्या सॉफ्टवेअरने या फाइल 'स्वच्छ' करू नको. त्यात जवारी पहिली जाते. जुनी मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणारी, रेकॉर्डिंग डोक्याच्या बरोबर मध्ये बसल्यासारखी वाटतील, तो दोष नाही.

प्लेअरमध्ये इक्वलायझर, म्हणजे खालच्या-वरच्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय, असेल तर काहीही वाढवू नका, जे खुपतं ते कमी करा. डग्गा हवा म्हणून खालची पट्टी सहा डेसिबल वाढवली की जोराच्या थापेला प्लेअरचा श्वास कोंडतो आणि आवाज फाटतो.

एक प्रसंग सांगतो, कारण तो तुमच्या बाबतीत कधीतरी घडणारच. एक आजोबा नवा इअरफोन घेऊन आले. म्हणाले, "गाणारी बाई गेली. तबला-पेटी आहे, पण बाई विहिरीच्या तळातून गातेय." त्यांनी दुसरा इअरफोन लावून पाहिला, तरी तेच. मी प्लेअर उन्हात धरला. जॅकच्या तळाशी खिशातला कापूस दाबून बसला होता, राखाडी, चण्याच्या डाळीएवढा. पिन पूर्ण आत जात नव्हती आणि तिसरा संपर्क, ज्याला आम्ही अर्थ म्हणतो, लागत नव्हता. अर्थ सुटला की दोन्ही कानांना डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायिका दोन्हीकडे सारखी असते, म्हणून ती वजा होते, उरतो तिचा प्रतिध्वनी. प्लेअर बंद करून लाकडी दातकोरणीने कापूस काढला, बाई परत आल्या. सुई किंवा टाचणी घालू नका, आतली पत्ती वाकते. माइकवाल्या चार कड्यांच्या पिनेनेही काही जुन्या प्लेअरवर हेच होतं, म्हणून प्लेअरसाठी साधी तीन कड्यांची पिन बरी, आणि ती काटकोनी असावी. गर्दीत सरळ पिनेला धक्का बसतो आणि वायर पिनेच्या मानेशी तुटते. माझ्याकडच्या दुरुस्त्यांत सर्वांत जास्त याच असतात. सुटी होणारी वायर असली की तेवढी वायर बदलून भागतं, डाग द्यायला माझ्याकडे यावं लागत नाही. वायर कानावरून मागे घ्या, पदराच्या किंवा ओढणीच्या काठाला क्लिप लावा, म्हणजे घासण्याची खसखस कानात येत नाही.

पावसाळ्यात इअरफोन ओल्या पर्समध्ये टाकू नका. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. एक बाजू अचानक दबली तर बहुधा जाळीवर मळ किंवा दव बसलेलं असतं. टिप काढून साबणाने धुवा, जाळी तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, रात्रभर सुकू द्या. कान ओले असताना इअरफोन घालू नका, दमट हवेत बंद कानात बुरशी धरते. खाज किंवा पाणी आलं तर इअरफोन बंद आणि कानाचे डॉक्टर.

सुकवूनही एक बाजू दबलेलीच राहिली, तर डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घाला. दबलेपण इअरफोनसोबत दुसऱ्या कानात गेलं तर दोष इअरफोनचा. त्याच कानात राहिलं, आणि टिप बदलूनही राहिलं, तर दुकानात नका जाऊ, श्रवण-तपासणी करून घ्या. गाणाऱ्या माणसाने ती तशीही करून ठेवावी. मी चाळिशीपर्यंत केली नव्हती.

भाच्याचा हेडफोन लगेच परत करू नका. एखाद्या रात्री घरातले झोपल्यावर पंखा बंद करून, वडिलांच्या कॅसेटमधला एखादा विलंबित ख्याल त्यावर प्लेअरच्या पूर्ण आवाजात ऐका, तिथे ८५ च्या गोंगाटाशी झुंज नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत तोच ख्याल, त्याच जागेपासून, नीट बसवलेल्या इअरफोनवर ऐका, आणि खर्ज दोन्हीकडे कसा वाटला ते मला लिहा. टिपेचं माप त्यावरून ठरवू.